गोळी गिळल्याची खात्री

४ नोव्हेंबर
शिरूरच्या दवाखान्यातून सुटले एकदाची! चार दिवस सलाईन आणि अँटिबायोटिकची इंजेक्शनं. पित्ताच्या नळीत खडा अडकलाय, त्यात इन्फेक्शन. खडा तेरा तारखेला पुण्यात दुर्बिणीतून काढायचा. तोवर सकाळ-संध्याकाळ आठला गोळी. डॉक्टर म्हणाले, "ताप उतरला म्हणून बंद करायची नाही, मावशी."

मला शिकवतात! तीस वर्षं अंगणवाडीत गरोदर बायांना रक्तवाढीच्या गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावल्या मी.

अपेक्षा हैदराबादहून आलीय. दोन वर्षांनी! दारात लेकीच्या चपला दिसल्या तरी बरं वाटतं.

५ नोव्हेंबर
तिच्या हातची भाकरी. कडा करपलेल्या. दोन खाल्ल्या.

६ नोव्हेंबर
फोनवर कुणाला तरी सांगत होती, "आईला ताप नाही आता. परवा निघते."

राहा म्हणायला तोंड कुठंय मला? निमोण्याच्या अंगणवाडीत गावाची पोरं सांभाळली आणि हिला पाच वर्षं केंदूरला माझ्या आईकडे ठेवलं. दर रविवारी मी निघाले की एसटीमागं पळायची – "आई, आजच्या दिस ऱ्हा की!" मी मागं बघायचे नाही. बघितलं असतं तर उतरले असते.

संध्याकाळची गोळी गालात धरली. त्या बायांचीच युक्ती! ती वळली तशी जास्वंदीच्या कुंडीत. जरा कणकण आली तर चार दिवस राहील. एवढंच.

७ नोव्हेंबर
दोन्ही गोळ्या कुंडीत. मेला ताप – हवा तेव्हा येत नाही!

८ नोव्हेंबर
आला. थंडी वाजली. अपेक्षानं तिकीट रद्द केलं आणि दुपारी माझ्या गोधडीत शिरून पाठीला पाठ लावून निजली. मी किती लबाड! पण किती सुख वाटलं. उद्यापासून गोळी घेणार, नक्की.

१९ नोव्हेंबर
पुणे. पेन धरवत नाही. नऊ तारखेचं एवढंच आठवतं – हुडहुडी, आणि शेजारची सखूबाई ओरडत होती, "अगं पोरी, डोळं पिवळं झाल्यात, ताई बोलंनात!" पाच दिवस आयसीयूत होते म्हणे. खडा काढला. परत इंजेक्शनं, जास्त जोराची.

अपेक्षा आज रडत म्हणाली, "मीच गोळ्या द्यायला चुकले काय गं?"

ते मात्र सोसवलं नाही. सगळं सांगितलं. गाल, कुंडी, सगळं. उठून बाहेर गेली.

२३ नोव्हेंबर
घरी. पाच दिवसांच्या गोळ्या. लेक बोलत नाही. आठ वाजले की गोळी, पाणी आणि हुकूम – "आ कर. जीभ वर. गाल दाखव." माझेच शब्द!

२४ नोव्हेंबर
गेली. दौंडहून रेल्वे. फाट्यावर एसटीत बसली, मागं बघितलं नाही. माझ्यावरच गेलीय.

संध्याकाळी आठला व्हिडिओ कॉल. "आ कर." गिळली. फोन बंद.

२५ नोव्हेंबर
सकाळी "आ कर." संध्याकाळी "आ कर." वर एक अक्षर नाही. तरी पावणेआठपासून फोन हातात धरून बसते.

२७ नोव्हेंबर
शेवटची गोळी. "झाला कोर्स," म्हणाली आणि ठेवला. आता कशाला करेल फोन? ये गं बाई. नुसती बोल तरी.

२८ नोव्हेंबर
आठला फोन वाजला!

"आ कर."

"अगं, गोळ्या संपल्या की काल."

"माहितीय. कर."

आ केला. जीभ वर केली. दोन्ही गाल दाखवले.