ना म्हणजे नान

३ मार्च

बेरमेटने माझा प्रोग्रॅम चिरला! हिमनद्यांच्या कचेरीतून मी निवृत्त झाले तेव्हा चांगला एकसंध होता. डोंगरावरच्या ठाण्यांतली माणसं एक आज्ञा टाइप करायची — ठाणं, तारीख, बर्फाची जाडी — आणि एकच पार्सर तिच्यातला शब्द न् शब्द वाचून जिथल्या तिथे लावायचा. आता म्हणे पायथनमध्ये दोन पार्सर. पहिला सगळ्यांना समान असेल तेवढं वाचणार आणि उरलेलं दुसऱ्याकडे देणार. दुसरा ज्या त्या हिमनदीचा. माझ्याच हाताखाली शिकली, आता विभागप्रमुख. इथल्या रीतीने मला एजे, म्हणजे ताई, म्हणते. फोनवर सांगते, ‘एजे, फार लांबलं होतं ते.’ लांबलं होतं म्हणे!

६ मार्च

अर्धांगाचा झटका आल्यापासून सागिनच्या शब्दाचं डोकं तेवढं बाहेर येतं, धड आतच राहतं. सकाळपासून ‘ना… ना…’ चाललं होतं. नान गरम करून दिला. ढकलला. साय लावून दिला. तोंड फिरवलं. अख्ख्या बिश्केकमधला सगळ्यात चांगला तंदूर आमच्या कोपऱ्यावर, आणि नवरोबांचे नखरे बघा!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांनी बोलायचा प्रयत्नच सोडला तर वाचा परत येणं कठीण. हे मला कशाला सांगता? मी काय त्याचं तोंड धरून ठेवलंय?

९ मार्च

आज एकदाही ‘ना’ नाही. काहीच नाही.

१० मार्च

बेरमेट लॅपटॉप घेऊन घरी आली. घोटाळा झालाय. जाडीचे आकडे ठाण्याच्या जागी पडतात. चाळीस मीटर बर्फ गायब, आणि ‘ठाणं क्रमांक चाळीस’ उगवलंय — असं ठाणंच नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू. दुसऱ्याच्या फजितीवर हसू नये हे पुण्याच्या शाळेत सिस्टर बेनेडिक्टांनी पट्टी मारून शिकवलं होतं. पट्टी लक्षात राहिली.

मग नीट बघितलं. दोन नावं आहेत: ‘बर्फ’ म्हणजे जाडी, ‘बर्फठाणं’ म्हणजे ठाणं. नाव अर्धवट टाइप केलं तरी पार्सर ते पुरं करून घेतो, ही सोय. एकच पार्सर होता तेव्हा त्याला दोन्ही नावं ठाऊक; ‘बर्फ’ आलं की तो ‘बर्फ’च धरायचा. आता पहिल्याला माहीत फक्त ‘बर्फठाणं’. ‘बर्फ’ दिसलं रे दिसलं की त्याला वाटतं हे आपलंच तुटकं नाव — गिळून मोकळा! दुसऱ्यापर्यंत काही पोचतच नाही.

इलाज सोपा. पहिल्याला बजावायचं, अर्धवट नावं पुरी करू नकोस. पूर्ण ओळखशील तेवढंच घे, बाकीचं जसंच्या तसं पुढे जाऊ दे. बेरमेटने तशी सूचना घातली. आकडे जागच्या जागी. पोरगी हुशार आहे. तिला सांगितलं नाही.

चहा ओतत होते तेवढ्यात पलंगावरून सागिनचा आवाज आला. ‘ना…’ मी लगेच नान उचलला. बेरमेटने माझं मनगट धरलं.

‘एजे, तुम्हीपण तेच करताय.’

माझ्या घरात माझा हात धरते! दारापर्यंत पोचवायलाही गेले नाही.

११ मार्च

दिवसभर धुसफुसत राहिले. बेरमेट उद्धट आहे. बेरमेटचं बरोबर आहे.

१२ मार्च

नान फडक्यात बांधून टाकला आणि सागिनपुढे रिकाम्या हातांनी बसले. ‘ना,’ म्हणाला. मी गप्प — मी! त्याच्या कपाळावर घाम आला. माझ्याही. ‘ना… लि…’

इथे मी सगळ्यांची आइसुलू. हे नाव सासूबाईंनी लग्नातच ठेवलं. माझं खरं नाव तो एकटाच घ्यायचा, आम्ही दोघंच असलो की, तेही तरुणपणी. मीच विसरले होते.

‘नलिनी.’

मी ओ दिली.