शिंगेत्तीला कोण नेणार

३ जुलै

बाबा आज चुकले. गाडी घेऊन पाव आणायला गेलो होतो, चौकातल्या दुकानात. परत येताना वळायचं तिथे वळले नाहीत. दहा मिनिटांनी समोर समुद्र! मागच्या सीटवर माझी तिस्लेम टाळ्या पिटत होती – आजोबांनी समुद्रावर आणलं! बाबा म्हणाले, “हो, म्हटलं पोरीला दाखवू.”

बाबांना समुद्र आवडत नाही. या नुआकशोत शहरात पंधरा वर्षं झाली, कधी आपणहून गेले नाहीत तिकडे.

आणि तीन आठवड्यांनी हेच आम्हाला वाळवंटातून नेणार.

५ जुलै

संध्याकाळी सगळे अंगणात. खजूर पिकलेत, शिंगेत्तीहून, आमच्या गावाहून, निरोप आलाय. यंदा सगळ्यांनी मिळून जायचं – माझा भाऊ बेशीर, त्याची बायको, दोन मुलं, मी, तिस्लेम, बाबा आणि लेमीना आत्या. आत्या ब्याऐंशीची, बाबांची मोठी बहीण. तिला वादानला आईचं घर बघायचंय. “भिंत उरली असली तरी चालेल. हात लावीन आणि येईन.”

शिंगेत्ती ते वादान वाळूतून जायचं, हे बाबांनी आधीच ठरवून टाकलंय. वरचा दगडी रस्ता आत्याची हाडं खिळखिळी करेल म्हणे. आणि गाडी? “चालवणार मी. दुसरं कोण?”

बेशीर हसला, “बाबांनी डोळे मिटून चालवली तरी पोचू.” सगळे हसले. चाळीस वर्षं त्या वाळूत ट्रक चालवलाय त्यांनी. परक्यांना, लष्कराला वाट दाखवलीय. हसणारच!

मला चहाचा तिसरा पेला गेला नाही. आत्याने हेरलं. “काय गं, पोटात आहे की मनात?”

“पोटात,” म्हटलं.

६ जुलै

पाणी – माणशी रोजचे आठ लिटर. मी बारा लिहिले. मग खोडून पंधरा.

९ जुलै

आज मुद्दाम विचारलं. तिस्लेमला पुढे केलं – आजोबा, वादानची वाट सांगा ना. बाबा खुलले. शिंगेत्तीची शेवटची खजुराची झाडं, मग डाव्या हाताला पांढरी टेकडी, मग वाळूची मोठी रांग, ती दुपारच्या आत ओलांडायची, मग विहीर. काय सुरेख सांगत होते! मला वाटलं, मीच वेडी.

विहिरीनंतर थांबले. “मग वाळूची मोठी रांग,” म्हणाले, “मग विहीर.” पुन्हा थांबले. मग पुन्हा विहीर.

“आजोबा, विहीर झाली की!”

“झाली तर झाली! तूच चालव मग!” एवढे ओरडले की पोरगी रडायला लागली. तिच्यावर आजवर आवाज चढवला नव्हता त्यांनी.

११ जुलै

बेशीरला सांगितलं. त्याच्या ऑफिसात गेले, दार लावून सांगितलं. समुद्राचं, विहिरीचं, सगळं.

“ताई, चौऱ्याहत्तर वय आहे. उकाडा किती आहे! मीसुद्धा नावं विसरतो.”

“वाळूत विसरले तर?”

“घटस्फोट झाल्यापासून तुला जिथे तिथे संकटच दिसतं.”

जीभ चावली त्याने, पण बोलून गेला. मग खालच्या आवाजात – “त्यांच्याकडे किल्ली तू मागशील? माझ्याच्याने नाही व्हायचं.”

त्याला काय सांगू? मी अतारच्या इस्पितळात नर्स होते तेव्हा वाळूतून एका माणसाला आणलं होतं. तिघे निघाले होते. हा एकटा राहिला. जीभ काळी, लाकडासारखी. मीच कापसाने ओठ भिजवत होते. गाडी बिघडली नव्हती. टाकीत डिझेल होतं. वाट चुकली, एवढंच.

डोळे मिटले की तिस्लेमचे ओठ दिसतात.

१५ जुलै

मी फार वाईट केलं.

सकाळी किल्ली उचलली आणि तांदळाच्या पोत्यात खोल खुपसली. वाटलं, किल्ली नाही तर गाडी नाही. संपलं!

बाबा दिवसभर शोधत होते. गादी उलटी केली. कोंबड्यांच्या खुराड्यात पाहिलं. मला वाटलं, चिडतील, कोणी घेतली म्हणून आरडाओरडा करतील. ते चिडले नाहीत. मला म्हणाले, अगदी हळू, “मीच कुठे तरी ठेवली असणार गं. कुणाला बोलू नकोस.” आणि दारात उकिडवे बसले, हात पालथे करून बघत. जणू हातांनी दगा दिला होता.

संध्याकाळच्या नमाजाआधी हातपाय धुवायला उठले तेव्हा त्यांच्या काढून ठेवलेल्या झग्याच्या खिशात टाकली. परत येऊन खिशात हात घालतात तर – “इथेच होती!” हसले. ते हसणं मला बघवलं नाही. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

१६ जुलै

मी जेवले नाही. कामावर दोनदा चुकीच्या खोलीत गेले.

१७ जुलै

सांगून टाकलं. आत्या झोपली होती, दोघेच होतो. “बाबा, किल्ली मी लपवली होती.”

चहा ओतत होते. धार तुटली नाही. पेला भरला, माझ्यापुढे सरकवला.

“म्हणजे ती तरी मी हरवली नव्हती,” म्हणाले.

मग म्हणाले, “मला कळतंय, सलका. गेल्या थंडीपासून कळतंय.”

मला राग आला, खरंच! “कळतंय आणि पोरांना घेऊन वाळूत निघालात?”

“मला तिथे पोचायचं होतं. चालवत नाही म्हटलं असतं तर ‘का नाही?’ असं तुम्ही विचारलं असतं. सांगावं लागलं असतं. मग कोण नेणार होतं मला? औषधं दिली असती आणि या खोलीत बसवलं असतं.” किटली खाली ठेवून – “मी परत यायचा नाही. इथे वाट चुकलो तर कोणाला सांगू मी कोण? शिंगेत्तीत कुणीही हाताला धरून दारात आणून सोडेल.”

ठरलं ते असं. गाडी बेशीर चालवेल. वाळूत वाटाड्या, पण तो बाबा निवडतील. आणि बाबांना शिंगेत्तीतच राहायचं आहे हे वादान होईपर्यंत कोणालाच सांगायचं नाही.

भीती गेली असं वाटलं होतं. नाही. आता दुसरीच बसलीय. ते तिथे राहणार – कोणाजवळ?

२४ जुलै

अतार. तपासणी नाक्यावर द्यायच्या यादीत आठही नावं मीच लिहिली. जाणारे आठ.

२७ जुलै

वादान झालं. वाटाड्या भला माणूस, बाबांच्या जुन्या सोबत्याचा मुलगा. रांगेवर गाडी रुतली. कोणी बोलायच्या आत बाबा उतरले, चारही चाकांची हवा सोडली, बोटांनी टायर दाबून बघितले. “आता.” निघालो! पुढे विहिरीशी मात्र विचारलं, “हे कुठलं गाव?”

आत्याने भिंतीला हात लावला. मग गाल टेकवला. म्हणाली, “चला, उन्हं तापली.”

२९ जुलै

परत शिंगेत्ती. बाबांचं सगळ्यांना सांगितलं. बेशीर अंगणाच्या कोपऱ्यात पाठ करून उभा राहिला, किती तरी वेळ. मग माझ्यापाशी आला. “ताई, तू बरोबर होतीस.” मला बरोबर ठरायचं नव्हतं.

“इस्पितळात सुट्टीचा अर्ज देशील माझा?” मी म्हटलं.

२ ऑगस्ट

गाडी तीन दिवसांपूर्वी गेली. मी आणि तिस्लेम चढलो नाही.

आज बाजाराच्या गल्लीत बाबा समोर आले. थांबले. “बाई, तू कुणाची?” मी त्यांचंच नाव सांगितलं – येस्लेमची मुलगी. “येस्लेमची? मग उन्हात एकटी का फिरतेस? चल, घरी सोडतो.” पुढे चालत राहिले, बरोबर आमच्या दारापाशी आणून सोडलं. आत या म्हटलं तर आले नाहीत. परक्याच्या घरात असं कसं शिरायचं, म्हणाले.