ब्रेकची करकर आणि माझा शांत स्वभाव

२३ एप्रिल २००६, रविवार. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. डॉक्टर म्हणाले ब्लडप्रेशर वाढलंय, राग कागदावर काढा. मी म्हटलं, मला राग येतच नाही. डॉक्टर हसले. हातातला पेपरवेट टेबलावर ठेवताना जरा जोर लागला. टेबलाला काच होती.

क्षितिजाचं लग्न १४ मेला. एकुलती एक मुलगी. नवरीला मांडवातून हॉलपर्यंत माझ्या गाडीतून मी स्वतः नेणार. अख्खं पूर्णा गाव बघेल. अडचण एकच. ब्रेक मारला की गाडी किंचाळते. गावात शिरताना रामदेवाच्या देवळापाशी रस्ता वळतो, त्या मोडावर ब्रेक मारला की कुत्री भुंकायला लागतात.

गॅरेजला जाता येत नाही. धामणकर नाक्यावरच्या दिनेश मेकॅनिकने मागच्या महिन्यात सांगितलं, शेठ, तुम्ही ब्रेक लई जोरात मारता. त्यावर माझा हात त्याच्या गालाला लागला. तो जळक्या ऑइलच्या टबात बसला. आता निजामपुऱ्यापर्यंत एकही गॅरेजवाला गाडी आत घेत नाही. एकी म्हणतात ती हीच.

काल संध्याकाळी क्षितिजाने अट घातली. लग्नापर्यंत एकाही माणसावर हात उचलला, तर ती दामूकाकाच्या जीपमधून जाणार. दामू म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. कंपाउंडची भिंत त्याने वीतभर माझ्याकडे सरकवली, तेव्हापासून तीन वर्षं बोलणं बंद. त्याची सावलीही माझ्या दारात नको, असं घरात सांगून ठेवलंय.

अट मान्य केली. मुळात मी शांत माणूस.

संकल्प : ब्रेक घरीच दुरुस्त करायचा.

२४ एप्रिल, सोमवार.

निदान. मी गाडी चालवली, मैना बाजूने चालत होती. कुठलं चाक वाजतं ते ऐकायला तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "सगलीच वाजतान. राहू द्या ना आवाज, कोनाला तरास हाय?" बायकोला मशीनमधलं काय कळणार. क्षितिजा ओट्यावरून ओरडली, पुढचं उजवं. म्हणजे मागचं डावं असणार. ते खोलायला घेतलं.

नट निघेना. पान्यावर उभा राहिलो. पाना सटकून हनुवटीवर बसला. गाडीला लाथ लागली. अंगठ्याचं नख गेलं. गाडीला काही झालं नाही, पोचा किरकोळ.

२६ एप्रिल, बुधवार. दुपारी ३, लाइट गेलेली.

जॅक घसरला. गाडी चाकाच्या ब्रेक-ड्रमवर बसली. ड्रम सरळ करायला हातोडी घेतली. पहिले चार घाव ड्रमवर, पाचवा डाव्या अंगठ्यावर. हातोडी हातातून सुटली. मी फेकली असं दामू म्हणतो. सुटली आणि भिंतीपलीकडच्या त्याच्या पाण्याच्या टाकीला लागली. टाकी फुटली. दामू बांबू घेऊन आला. मी पहार घेतली. म्हटलं, आज तुझी भिंतही पाडतो आणि तुलाही. क्षितिजा मध्ये उभी राहिली. दोघंही गुडघाभर चिखलात.

हात कोणाला लागला नाही. पहार भिंतीला लागली, ती माणूस नव्हे. अट शाबूत.

२९ एप्रिल, शनिवार.

पॉलिश पेपरने घासलं. साबणाच्या पाण्याने चारही चाकं धुतली. टेस्टिंगला निघालो. एक किलोमीटर अगदी शांत. डोळ्यांत पाणी आलं.

धामणकर नाक्यावर सिग्नलला ब्रेक मारला आणि अशी किंकाळी निघाली की शेअर रिक्षावाला कानात बोटं घालून म्हणाला, "चाचा, बकरा कट रहा है क्या?" पाचही पॅसेंजर हसले. मी उतरलो. त्याच्या कॉलरला हात लागला. मग त्या पाच जणांचे हात मला लागले. शर्ट गेला, चष्मा गेला, एक दात हलतोय.

कॉलर म्हणजे माणूस नाही. शिवाय क्षितिजाला सांगितलं, पायरीवरून पडलो.

घरी आलो तेव्हा नेहमीसारखी शांतता. टीव्ही बंद. क्षितिजाच्या हातात पुस्तक. मैना तांदूळ निवडत होती. ही घराची शिस्त. मी कधी ओरडून लावलेली नाही, आपोआप लागली आहे. दारात निळ्या पट्ट्याची एक चप्पल दिसली. मैना म्हणाली, गड्याची. बरं.

२ मे, मंगळवार.

हात सुजला. गाडीला स्पर्श नाही. दुपारी शेजारचा कोंबडा ओरडला, त्याला पाना लागला. कोंबडा गेला. रात्री रस्सा छान झाला होता, शेजारी मात्र जेवायला बसले नाहीत.

५ मे, शुक्रवार.

कुणाल आला होता. कुणाल म्हणजे जावई, व्हायचा आहे. गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. सभ्य मुलगा, पण मध्ये मध्ये बोलतो. म्हणाला, "मामा, पुढचं उजवं खोलून बघू या का? तिकडूनच येतोय आवाज." मी म्हटलं, तू आधी लग्न कर, मग शिकव. हसून खाली बसला आणि पुढच्या चाकाला हात घातला. माझ्या हातात पाना होता. तो कुणालच्या नडगीवर कसा गेला, मला आठवत नाही.

तो ओरडला नाही. ओठ चावून बसला. क्षितिजाने बर्फ लावला. माझ्याकडे बघितलंही नाही. मी म्हटलं, पाना म्हणजे हात नव्हे. ती म्हणाली, ही शेवटची सवलत.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण हे कोणाला सांगायचं? गाडीच्या बॉनेटवर दोन बुक्के मारले तेव्हा बरं वाटलं.

९ मे, मंगळवार. पहाटे ५.

सापडलं! झोपेतून उठून बसलो.

वीस वर्षं माझे आठ लूम होते. करकर आली की काय करायचो? तेल. साचा किंचाळला, तेल. माग अडखळला, तेल. भिवंडीत लहान पोरालाही हे कळतं. मी पंधरा दिवस हातोडी मारत बसलो आणि लूमच्या तेलाचा डबा माळ्यावर!

सकाळी ८. पुढच्या उजव्या चाकाच्या डिस्कवर थेंब थेंब सोडलं. (त्याच चाकातून आवाज येतो, हे माझं मला आधीपासून वाटत होतं.) फेरी मारली. आवाज बंद! दहा वेळा ब्रेक मारला. चूं नाही. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, पण त्याची सवय होईल. गॅरेजवाले वर्षानुवर्षं लोकांना लुबाडतात ते असं.

मैनाला हाक मारून ऐकवलं. तिने देवळाकडच्या रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आता काय करायचा?" आनंदाने माणूस काहीही बोलतो.

१० मे, बुधवार.

लिहू नये असं वाटतं. पण डॉक्टरांनी सांगितलंय.

पत्रिका वाटून चार वाजता परत आलो. देवळाच्या मोडावर ब्रेक मारला, आवाज नाही. कुत्रं उठलं नाही. अंगणात गाडी लावली, कोणाला पत्ता नाही. घरातून हसण्याचा आवाज. माझ्या घरातून! मी खिडकीशी थांबलो.

टीव्ही मोठ्याने लावलेला. क्षितिजा नाचून दाखवत होती. गोदूकाकू, आमची धवलारीण, लग्नाचे धवले म्हणायला बोलावलेली, मांडी घालून नवीन कडवं जुळवत होती. त्यात नवरीचा बाप गाडीला मारतो आणि गाडी बापाला मारते, असं काहीतरी. आणि माझ्या झोपाळ्यावर, माझ्या कपातून चहा पीत, दामू. हसून हसून त्याला ठसका लागलेला. मैना त्याच्या पाठीवर थापटत होती.

दाराशी निळ्या पट्ट्याची चप्पल.

पुढचं थोडक्यात. झोपाळ्याची कडी तुटली. टीव्हीची काच गेली. दामूला ओढत अंगणात आणला, तिथे लग्नाची हळद वाळत घातली होती. दोघं तिच्यात लोळलो. त्याने माझा कान पकडला, मी त्याचं नाक. त्याच्या नाकातून रक्त आलं. गोदूकाकूने आम्हा दोघांवर बादली ओतली.

हात लागला.

क्षितिजा रडली नाही. तेच वाईट. म्हणाली, "ठरलं, बाबा. जीप."

१३ मे, शनिवार. हळद.

सगळं गाव नाचतंय. माझ्याशी कोणी बोलत नाही. क्षितिजाला हळद लावायला गेलो, तिने गाल पुढे केला, डोळे मिटून घेतले. माझा हात वर गेला तेव्हा तिची मान थोडी मागे गेली. फक्त थोडी. हळदच लावत होतो मी.

संकल्प : उद्या आवाज न करता गाडी मांडवासमोर अशी आणायची की तिचं मन वळलंच पाहिजे. धक्का नाही, करकर नाही, शब्द नाही. तिने जीपमधून उतरून सांगावं, बाबा, तुम्हीच चालवा.

काही राहायला नको. पुढचं एकच चाक केलंय. सकाळी चारही करायची. डब्यात पाऊण लिटर तेल आहे.

१४ मे, रविवार. संध्याकाळ. शुभविवाह.

सकाळी चारही चाकांना तेल. डबा रिकामा. झेंडूची तोरणं. काचेवर दोघांची नावं. नवा सदरा, फेटा.

साडेनऊला वरच्या रस्त्याने घराकडे निघालो. समोर मांडव, मांडवाच्या दारात क्षितिजा, तिच्यासमोर दामूची जीप उभी. उतार आहे. मी सफाईने ब्रेक दाबला. आवाज अजिबात आला नाही. गाडी थांबली नाही.

पुन्हा दाबला. दोन्ही पायांनी दाबला. हॉर्न वाजवायचं सुचलं नाही. कोणी वळूनही बघितलं नाही, कारण ऐकायला काही नव्हतंच. शेवटी मीच ओरडलो. दामूने क्षितिजाचा दंड धरून तिला मागे खेचली. गाडी जीपवर बसली, जीप भिंतीवर. बँडवाल्याचा मोठा ढोल मध्ये आला आणि फुटला. तीन वर्षांपूर्वी वीतभर सरकलेली ती भिंत आडवी झाली. माझं कपाळ स्टिअरिंगवर.

माणूस एकही जखमी नाही, मी सोडून. दामू धावत आला. वाटलं, आता मारणार. त्याने दार उपटलं, मला बाहेर काढलं, फेट्याने माझं कपाळ पुसलं आणि विचारलं, "दादूस, जित्ता हायस ना?"

जीप चालेना, गाडी चालेना. कुणालने फोन करून गोडाऊनचा टेम्पो मागवला. क्षितिजा ड्रायव्हरशेजारी बसली. मागे खोक्यांवर मैना, गोदूकाकू, दामू आणि मी. टेम्पोच्या ब्रेकला आवाज नव्हता. गोदूकाकूने वाटभर धवले म्हटले. ते कडवं गाळलं, हे माझ्या लक्षात आलं.

कुणाल लंगडत बोहल्यावर चढला. लोकांनी विचारलं, काय झालं? म्हणाला, "क्रिकेट."

१७ मे, बुधवार.

दामूने टोचन करून, दोराने ओढत, गाडी दिनेशकडे नेली. मला बरोबर यायला सांगितलं. दिनेशची एकच अट. मी तिथे उभा असेपर्यंत दोन्ही हात खिशात.

ठेवले. वीस मिनिटं.

पुढच्या उजव्या चाकातून, डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामधून, त्याने चिंचोक्याएवढा खडा काढला. "हा होता, शेठ." तेलाने नासलेले सगळे पॅड आणि लायनर बदलले. मी माफी मागणार होतो. खिशात हात ठेवून माफी कशी मागतात ते येईना. त्यालाच कळलं बहुतेक. चहा मागवला. कप त्याने धरला, मी प्यायलो.

ब्रेक आता लोण्यासारखा. आवाज शून्य.

१८ मे, गुरुवार. पाचपरतावण.

लग्नानंतर पाचव्या दिवशी माहेरी यायची रीत. क्षितिजा आणि कुणाल आले. मी अभिमानाने गाडी दाखवली. म्हटलं, ऐक, काहीच नाही. तिने मैनाकडे बघितलं. मैनाने जमिनीकडे.

मी विचारलं, काय झालं? क्षितिजा म्हणाली, देवळाच्या मोडावर तुमचा ब्रेक वाजला की आम्हाला कळायचं. तिथून दारापर्यंत शंभर आकडे होतात. टीव्ही बंद करायला, काकांना मागच्या दाराने घालवायला, हसणं थांबवायला तेवढे पुरायचे. गाडीच्या आधी तुमची स्कूटर वाजायची, तेव्हापासून मोजतेय. आता मी नाही घरात. आईला कसं कळणार?

रागावून सांगितलं नाही तिने. काळजीने सांगितलं.

दोन्ही हात खिशात घातले. कोणी सांगितलं नव्हतं.

२१ मे, रविवार.

दुपारी दिनेशकडे जाऊन विचारलं, तो खडा आहे का? म्हणाला, फेकला.

संध्याकाळी साडेसहाला परत येताना देवळाच्या मोडावर गाडी उभी केली. हॉर्न दिला. लांब. कुत्री भुंकली. इंजिन बंद करून शंभर मोजले. मैनाची आता धावपळ होत नाही, गुडघे दुखतात, म्हणून आणखी वीस मोजले.

घरी पोचलो. टीव्ही बंद. मैना तांदूळ निवडत होती. मागचं दार नुकतंच लागलेलं, कडी अजून हलत होती.

निळ्या पट्ट्याची चप्पल दारातच राहिली होती. मला ती दिसली नाही.