अळणी सोमवार

गोंडपिपरी,
सोमवार, २ डिसेंबर २०२४

चि. उर्वशीस आईचे आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. धान चुरून पोत्यांत भरून झाले, बाबांचा खोकलाही गेला. फोनवर तू "हो आई, हो आई" करून ठेवून देते, म्हणून कागद घेतला. पूर्ण वाच.

काल तुझा मामेभाऊ प्रफुल आला होता. म्हणाला, "ताईची दिल्लीची प्राध्यापकाची जागा पक्की होते आत्या, फक्त फ्रान्स सोडायचा." मुलाखतीत साहेबांनी तुला विचारलं म्हणे, जंगलातल्या मुलीनं फ्रान्सचा इतिहास कशाला करावा? आपल्या गावाकडच्या बायांवर लिहा, जागा तुमचीच. अन् तू पंधरा तारखेपर्यंत होकार कळवणार आहेस.

काऊन?

त्यांच्यातला एक रशियावर लिहितो, एक इंग्लंडवर, हे तूच सांगितलं. त्यांना कोणी म्हणत नाही की आपल्या आईच्या चुलीवर लिहा. सारं जग त्यांनी वाटून घ्यावं अन् तुझ्या वाट्याला मी?

दिवाळीत ते आवाज भरायचं मशीन काऊन आणलं होतं, ते आता कळलं. मी मेथी निवडत होती. तू समोर बसली अन् म्हणाली, "पूर्ण नाव सांगा." मायले! मी हसून सांगितलं, कमळा लटारू मोहुर्ले. मग लग्न कोणत्या वर्षी झालं, सासू जेवायला कधी बोलवायची. सगळी उत्तरं दिली, जनगणनेवाल्याला देतात तशी. सण होता म्हणून बोलली नाही.

त्याच जागी बसून काही वर्षांआधी एका सोमवारी तू मले फ्रान्सच्या जान नावाच्या बाईची गोष्ट सांगितली होती. तिकडचा राजा मीठ महाग विके अन् घरोघरी घ्यायलाच लावे. बाया परकराखाली बांधून चोरून आणत. जान पकडली गेली. कोर्टाच्या जुन्या कागदात तिचं एवढंच बोलणं तुला सापडलं, "माझ्या लेकरांनी अळणी किती दिवस खायचं?" सांगताना तू रडली होती. मी म्हटलं, ही बाई तर आपल्यातलीच दिसते. तू म्हणाली, "आई, हिच्यावर मी पुस्तक लिहीन."

त्याच सोमवारी मी मार्कंडादेवाला नवस बोलली, पुस्तक हातात येईपर्यंत सोमवारी मीठ खाणार नाही. हे तुले सांगायचं नव्हतं.

बाबा म्हणतात, "होऊ दे ना. पोरगी या भागात फिरेल, दोन महिन्यांत एकदा तरी घरी येईल." ते ऐकलं अन् मी उठून तुझी खोली झाडली, गादी उन्हात टाकली. झाडता झाडता राग वाढला. साहेबांचा, तुझा, अन् गादी उन्हात टाकली म्हणून माझाही. तुझ्या मनातून आमच्यावर लिहायचं असतं तर मीच तुले गावोगाव नेलं असतं. जागेसाठी लिहू नको. घरी यायचं तर लेक म्हणून ये, मशीन तिकडेच ठेव.

नाही म्हणून कळव. त्यांनी दार लावलं तर लावू दे. जान तुझ्याशिवाय कोणाजवळ बोलणार आहे?

आज सोमवार. वरण चुलीवर आहे, अळणी. मी खाईन. किती सोमवार खायला लावते, ते तू ठरव.

पूर्ण नाव तुझ्या मशीनमध्ये आहे. इथे फक्त,

आई