दोनशेची मर्यादा

परळ,
रविवार

प्रिय मनवा,

शीवच्या दवाखान्यात तुझा जीव रमला का, हे विचारायला तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. बोलायला लागले तर खोटंच बोलेन, म्हणून लिहितेय. इथे हॉस्पिटलात तुझी खुर्ची अजून रिकामीच आहे. सर्व्हरचं सगळं काम पुन्हा माझ्याकडे आलंय.

तू आलीस तेव्हा चालू व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणारा तो आभासी कॉम्प्युटर, बंद न करता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कसं हलवायचं, हे मीच तुला शिकवलं. हलवताना नेटवर्कच्या वापराला मर्यादा घालायची, नाहीतर ती कॉपी सगळी लाइन खाऊन टाकते आणि वॉर्डातले कॉम्प्युटर अडकतात, हेही मीच सांगितलं. पण मर्यादा फार कमी ठेवली, तर पॅथॉलॉजीचं असं मशीन दुसऱ्या सर्व्हरवर पूर्ण पोचतच नाही, कारण त्यात सतत नवं काही लिहिलं जात असतं. हे मला आठ वर्षांत उमगलं नव्हतं, तुला दोन वर्षांत उमगलं. आठवडाभर मोजमाप करून तू दोनशे मेगाबिट हा आकडा काढलास. अवधूतसर सगळ्यांदेखत म्हणाले, "ललिता, यापुढे काही अडलं तर मनवाला विचारत जा." तू ओशाळून माझ्याकडे बघितलंस. मी हसले. त्या दिवशी ठाकूरद्वारहून तू माझ्यासाठी आणलेल्या आंबोळ्या मी डबा न उघडताच शेजारणीला देऊन टाकल्या. त्यानंतर जिन्यात तुझी चाहूल लागली तरी माझं डोकं फिरायचं.

मग तो मंगळवार. अकराला पॅथॉलॉजीचं मशीन दुसऱ्या सर्व्हरवर जायला लागलं आणि पाचव्या मिनिटाला रिपोर्ट उघडायचे बंद झाले. वीस मिनिटं कॅज्युअल्टीचे फोन खणखणत होते. कुणाच्या जिवावर बेतलं नाही, एवढंच नशीब. बघितलं तर मर्यादा घातलेलीच नव्हती. आपण दोघी एकाच लॉगिनने काम करायचो, त्यामुळे कुणी काय केलं हे नोंदीत दिसत नव्हतं; त्या दिवशीचं काम तुझं, म्हणून विचारणा झाली ती फक्त तुझ्याकडे. तू सरांना म्हणालीस, "माझ्याकडूनच राहिलं असेल." नंतर पँट्रीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस. "ताई, लावल्याचं मला पक्कं आठवतंय गं. पण आता माझाच माझ्यावर भरवसा नाही." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आठवड्याभरात तुझी शीवला बदली झाली.

काल पॅथॉलॉजीतली नूपुर तुला भेटून आली. साधा प्रिंटर जोडलास तरी फोटो काढून ठेवतेस, दाराला कुलूप लावून दोनदा मागे फिरतेस, असं म्हणाली. मनवा, तू विसरली नव्हतीस. तू मर्यादा लावून चहाला खाली गेलीस, तेव्हा मी ती काढली. तुझी फजिती व्हावी एवढंच मनात होतं. सरांना हे सगळं लिहून दिलंय. माझं जे व्हायचं ते होईल. ते तुला परत बोलावतील, पण त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. माफी मागायचं तोंड नाही मला. तू येऊन सरांशेजारी बसशील या विचाराने आत्ता लिहितानाही जळफळाट होतोय, तोही लपवत नाही. तरी ये.

तुझीच, तू म्हणू दिलंस तर,
ललिता