झंगमोनं गिळलेली बी

प्रिय सर्जनी,

सगळ्यात आधी हे वाच: झंगमो बरी आहे. आत्ता ती खाली अंगणात वासराच्या कानात काहीतरी पुटपुटतेय आणि मी भर उन्हात गच्चीवर, वाळत घातलेल्या जर्दाळूंच्या कडेला बसून मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहितेय. बाकीचं सावकाश वाच. वाचून होईपर्यंत फोनला हात लावू नकोस.

गेल्या रविवारी सोलनहून तुझा फोन आला, तेव्हा मी म्हणाले, तुझी पोरगी खेळून दमली, झोपलीय. ती झोपली नव्हती गं. माझ्या मांडीवर होती आणि तिच्या पोटावर माझा हात होता. त्याच सकाळी तिनं जर्दाळूची बी गिळली होती.

यंदा झाडं नुसती वाकलीत. मी फळं उकलून, बिया बाजूला टाकून एकेक फोड तिच्या तळहातावर ठेवत होते. त्यात एक फळ बीसकट गेलं. तिनं डोळे मोठे केले, दोनदा खोकली आणि म्हणाली, “आपी, पोटात दगड गेला.” ती बोलत होती, श्वास घेत होती, पण माझं डोकं कुठं ठिकाणावर होतं? मी तिच्या घशात दोन बोटं घातली. बी काही आली नाही, माझ्या नखाला रक्त मात्र लागलं. मग ती रडली, आणि मीही.

आवाज ऐकून शेजारची छेरिंग धावत आली, मागोमाग तिची सासू. सासू म्हणाली मिठाचं पाणी पाज, भडभडून ओकेल. कुणी म्हणालं एरंडेल दे. मी पेल्यात मीठ ढवळायलाही लागले होते. छेरिंगनं पेला हातातून काढून घेतला. “काय पाजायचं ते डॉक्टरला विचारू. आधी गाडीत बस!” तिच्या नवऱ्यानं आम्हाला जीपमधून पिओच्या दवाखान्यात नेलं. त्या वळणांवर मी देवतेला काय काय कबूल केलं, ते तिलाच ठाऊक.

डॉक्टरीण तुझ्याच वयाची होती. तिनं झंगमोला नाव विचारलं, तर हिनं स्वतःचं सांगून वासराचंही सांगितलं. डॉक्टरीण हसली. म्हणाली, “बोलतेय, पाणी गिळतेय, श्वास मोकळा आहे. म्हणजे बी खाली उतरलीय. चावून फोडली नाही ना?” मी म्हटलं, अख्खीच गेली. “मग बरं. कडू बीचा गर चावून खाल्ला असता तर विषारी असतो तो. आता ओकारी काढायची नाही, जुलाब द्यायचा नाही, आणि आजी, घशात बोटं तर मुळीच नाहीत. नेहमीचं खाऊ दे. पोट दुखलं, ओकू लागली, ताप आला, शीमध्ये रक्त दिसलं, तर तशीच उचलून आणा. नाहीतर दोन-चार दिवसांत आपोआप पडेल. लक्ष ठेवा.”

लक्ष ठेवा! तेच तर मला जमेना. रोज सकाळी ती उठली की मी तिची शी तपासायला काडी आणि पाण्याची बादली घेऊन बसायचे. सोमवारी काही नाही. मंगळवारी काही नाही. पोरगी उड्या मारत होती आणि मी तिच्या मागं मागं फिरत होते. मंगळवारी दुपारी ती म्हणाली, “आपी, पोट दुखतंय.” मी पायात जोडे सरकवून तिला पाठीवर घेतलं, तेव्हा कळलं की बाईसाहेबांना ओगल्याच्या पिठाची रोटी नको होती.

बुधवारीही मला काही सापडलं नाही. मी छेरिंगला हाक मारली, म्हटलं, तूही एकदा बघ. ती नाकाला पदर लावून वाकली आणि ओरडली, “अगं ग्यानभगती, ही काय समोर! एवढी मोठी बी, आणि तू काडी तिच्याभोवती फिरवत बसलीयस?” मी हसले. ती हसली नाही. तिनं माझ्या डोळ्यांसमोर हात हलवला आणि हळू आवाजात विचारलं, “किती दिवस झाले?”

दोन हिवाळे झाले, सर्जनी. दोन्ही डोळ्यांपुढे धुकं आहे. रविवारी त्या फळातली बी मी काढलीच नव्हती. काढली असं मला वाटलं होतं. तू दर फोनला डोळ्यांचं विचारायचीस आणि मी म्हणायचे, अजून सुईत दोरा ओवते. दोरा झंगमो ओवते. तुला कळलं तर तू तिला घेऊन जाशील, मग या घरात मला आपी म्हणणारं कोण उरेल, या भीतीनं मी गप्प राहिले. माझ्या एकटेपणाची राखण मी चार वर्षांच्या पोरीला करायला लावली. छेरिंग मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे. पण डोळे बरे होईपर्यंत थांबू नकोस. येत्या आठवड्यात ये आणि तिला घेऊन जा. हे फोनवर सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, “जाऊ दे गं आमा, होतं असं कधी कधी.” आणि मी ते लगेच मानून तिला ठेवून घेतलं असतं. म्हणून लिहिलं.

तुझीच,
आमा