भिंतीवरचा घास

प्रिय ताई,

तुझी आठवण येते म्हणून हे पत्र लिहीत नाहीये. आठवण रोजच येते, त्यासाठी कागद कशाला लागतो? लिहितोय, कारण माझ्या हातून एक भयंकर चूक झालीये आणि ती तुझ्याइतकी दुसऱ्या कुणाला कळणार नाही. शिव्या घालायच्या असतील तर खुशाल घाल, पण आधी पूर्ण वाच.

समोर तुझा तो सुताच्या कांड्यांचा खोका आहे. लूमवरून येताना ज्यात तू पाखरं घेऊन यायचीस, तोच. आत घारीचं पिल्लू बसलंय. बाहेर रणरणतं ऊन आहे, आई आत पडलीये, आणि मी दर पाच मिनिटांनी फडकं उचलून बघतोय की ते श्वास घेतंय ना. ते मेलं तर माझ्यामुळे मरेल. आणि खरं सांगायचं तर ते एकटंच नाही.

किती हसायचो गं मी तुला! लोकांच्या बहिणी पोपट पाळतात, आमची कावळे न् घारी! तू कांडी मशीनवरून दमून यायचीस आणि चहासुद्धा न घेता कुठल्यातरी पाखराच्या पायात गुरफटलेलं सूत कात्रीने सोडवत बसायचीस. घारी घरट्यात लूमच्या चिंध्या नेतात आणि पिल्लांचे पाय त्यातच अडकतात, हे तुझ्याकडूनच कळलं. मी नाक धरून म्हणायचो, "घाणेरडे पक्षी आहेत, हात धू आधी." तू मान वर न करता म्हणायचीस, "घान त्या न्हाय करत रं. घान आपन करतो, त्या उचलतात."

तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटायचं. तू गेल्यावर एकदा मटणवाल्या चाचांच्या दुकानामागे उभा राहून पाहिलं. दुपारी त्यांनी आतडी वर भिरकावली आणि एकही तुकडा जमिनीवर पडला नाही. दहा मिनिटांत सगळं साफ! चाचा म्हणाले, "तुम्हारी बहन के मेहमान हैं ये. ये न हों तो मोहल्ले में कोई साँस न ले पाए." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याकडे मान वर करून नीट बघितलं. काय डौल असतो गं त्यांना! हे तुला जिवंतपणी का नाही म्हणालो?

तुला डेंग्यू झाला, चार दिवसांत संपलं सगळं. हॉस्पिटलात तापाच्या भरात तू म्हणालीस, "माझा घास कावल्याला नको हां बाल्या. घारींना घाल." मी म्हटलं, गप्प बस, काय बडबडतेस. ते आपलं शेवटचं बोलणं ठरलं.

दहाव्याला भटजींपुढे घारींचं नाव कोण काढणार? पिंडाला कावळा शिवला, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि मला मात्र वाटत राहिलं की तुझा घास राहिलाच.

आता माझी हुशारी ऐक. तुला माहीतच आहे, मी पूर्णा गावातल्या गोडाऊनला सुपरवायझर आहे. नवीन कंपनीचा बिस्किटांचा माल आला आणि त्यामागे उंदीर आले. मग औषधवाला येऊन कोपऱ्याकोपऱ्यात निळ्या गोळ्या ठेवून गेला. रजिस्टरवर सही माझीच. दोन-चार दिवसांनी उंदीर दिवसाढवळ्या उघड्यावर यायला लागले, सुस्त, कुणालाही न घाबरता. काही मेलेले, काही अर्धमेले. झाडूवाल्या मावशी ते टोपलीत भरून कचऱ्यात टाकायच्या.

मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, "मावशी, कचऱ्यात नको. मागच्या भिंतीवर ठेवत जा. घारी नेतील."

तुझा घास, ताई! मी तुला घास घालत होतो. आईच्या कानावर गेलं असतं की पोरीच्या नावाने हा उंदीर ठेवतो, तर तिने कपाळावर हात मारला असता. पण मला तुझंच म्हणणं पाळल्यासारखं वाटत होतं. डबा खाऊन झाला की मी भिंतीशी जाऊन उभा राहायचो. आधी एक आली, मग तीन, मग भिंतीवर जागा पुरेना. काही दिवसांनी मला बघूनच खाली उतरायला लागल्या. किती फुशारलो होतो मी! वाटायचं, तू वरून बघत असशील आणि म्हणत असशील, सुधारला एकदाचा.

मग त्या कमी झाल्या. मला वाटलं, ऊन वाढलंय, खाडीकडे गेल्या असतील. चाचा दुकानाबाहेर हातात आतडी घेऊन उभे होते, म्हणाले, "दो दिन से ऊपर कोई नहीं आता. कुत्ते खा रहे हैं. अच्छा नहीं लग रहा, बेटा." आई ओटीवर धान्य निवडता निवडता म्हणाली, "बाल्या, दारातल्या शिरिषावरची घार दिसत न्हाय रं. पिल्लू कवाधरनं वरडतंय." मी मोबाईलमधून डोकंसुद्धा काढलं नाही. एवढ्या मोठ्या आभाळात दोन घारी नसल्या तर कुणाला काय कळतं?

आईला कळलं होतं गं. मला नाही.

गुरुवारी सकाळी ते पिल्लू शिरिषाखाली पडलेलं दिसलं. मी तुझा नियम पाळला, लगेच उचललं नाही. पडलेलं प्रत्येक पिल्लू पोरकं नसतं, आधी लांब राहून बघायचं, आई-बाप येतात का. कावळ्याची किती पिल्लं लोक उगाच घरी नेतात आणि दूधपाव चारून मारतात, यावर तू अख्ख्या गावाशी भांडली होतीस. मी बारा वाजेपर्यंत ओटीवरून बघत राहिलो. वरून एक शीळही आली नाही. सगळं आभाळ रिकामं होतं, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग खोक्यात घेतलं. अंधार, ऊब, चोचीत पाणी ओतायचं नाही, नुसतं मऊ मटण द्यायचं नाही, हाडाकातड्यासकट द्यायचं. सगळं आठवलं! म्हणून गोडाऊनवर गेलो आणि ताजा उंदीर आणला. बारीक तुकडे करून चिमट्याने भरवला. संध्याकाळी पुन्हा एकदा. कसं खाल्लं त्याने! माझं बोटच गिळायला निघालं होतं.

शुक्रवारी ड्युटीवर पोचलो तर भिंतीखाली घार पडलेली. पंख पसरलेले, चोचीशी रक्त. थोडं पुढे गवतात दुसरी, तिच्यावर मुंग्या लागलेल्या. मी शिफ्ट सोडून घरी आलो, खोका उचलला आणि थेट जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी पिल्लू तपासलं. म्हणाल्या, "तब्येत चांगली आहे. काय खायला घातलंत?"

मी ऐटीत सांगितलं, "उंदीर. आमच्या गोडाऊनचे."

त्यांचा पेन थांबला. "कशाने मेले होते ते?"

ताई, तो प्रश्न मला इतक्या दिवसांत एकदाही पडला नव्हता. मला! ज्याची सही आहे त्याला! गोळ्या उंदरांसाठी आहेत, उंदीर मेला की विषय संपला, असंच धरून चाललो होतो. बाईंनी शांतपणे समजावलं. विष उंदराच्या अंगात राहतं. त्याला खाणाऱ्याचं रक्त गोठत नाही, आतल्या आत वाहत राहतं. लगेच काही दिसत नाही, काही दिवस जातात. त्यांनी इंजेक्शन दिलं, के जीवनसत्त्वाचे थेंब दिले, काही आठवडे द्यावे लागतील म्हणाल्या. वनखात्यालाही त्यांनीच कळवलंय, उद्या सोमवारी खात्याचा माणूस येईल. मी विचारलं, वाचेल ना? त्या म्हणाल्या, "वेळेत आणलं असेल तर."

आज रविवार. सकाळपर्यंत ठीक होतं. मघाशी फडकं बदललं तर त्यावर नखाएवढा लाल डाग होता. आता उंदराऐवजी चाचांकडचं मटण भरवतोय, त्याचा असेल. मटणाचाच असणार, नाही का? मी ते फडकं धुतलं नाही, बाजूला ठेवलंय आणि पुन्हा पुन्हा बघतोय.

मॅनेजरशी काल बोललो. ते म्हणाले, "पक्ष्यांसाठी गोळ्या काढू? पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे, ते होऊ दे, मग बघू." मी माझ्या सेक्शनमधल्या गोळ्या न विचारता काढल्या आणि बंद डब्यात कुलूप लावून ठेवल्या. पण शेजारच्या दोन्ही गोडाऊनमध्ये त्याच आहेत, आणि उंदरांना भिंती कुठे असतात? ते अजून उन्हात येऊन बसतायत. मावशी आणि मी मिळून सापडतील तेवढे खोल खड्ड्यात पुरतो. सगळे कुठे सापडतात?

काल संध्याकाळी, इतक्या दिवसांनी, एक घार आली. भिंतीवर उतरली आणि माझ्याकडे बघत बसली. पलीकडे गवतात एक उंदीर लटपटत होता, तिला दिसलाच असणार. मी ओरडलो, हात हलवले. ती हलेना. मग दगड उचलला. पहिला लांबून मारला, तर ती उडायच्या ऐवजी दोन पावलं माझ्याकडे सरकली. मी घास आणलाय असं वाटलं तिला! दुसरा तिच्या पायाशी मारला. ड्रायव्हर लोक हसत होते, कुणीतरी म्हणालं, "मार साली को!" मी रडत होतो आणि मारत होतो.

तेव्हा ताई, कबूल करतो ते हे. उद्या ऑडिटची वाट न बघता मोठ्या साहेबांना लेखी देणार आहे, माझ्या सहीने, नोकरीचं काय व्हायचं ते होवो. शेजारच्या दोन्ही गोडाऊनची दारं वाजवणार आहे. आणि शेवटची गोळी निघेपर्यंत रोज त्या भिंतीशी उभा राहीन. मी शिकवलेला विश्वास मीच मोडेन. तुझ्या घारी मला बघून दुरूनच पळायला लागेपर्यंत मी त्यांना दगड मारत राहीन.

तुझाच,
बाळ्या